एक वनस्पती, अनेक द्रव्ये : भांग, गांजा आणि मोजमापाचा इतिहास



आपल्या दिवंगत गुरुवर्यांच्या स्मरणार्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेत बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींना नवल वाटले असेल. भांग-गांजा हा शाळेच्या व्यासपीठावर बोलण्याचा विषय आहे काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु आज या वनस्पतीतील ‘सीबीडी’ नावाच्या द्रव्याच्या बाटल्या औषध म्हणून विकल्या जातात. परदेशी गेलेले आपले माजी विद्यार्थी त्यांविषयी घरी लिहितात. फेफऱ्याने आजारी असलेल्या मुलाचे आईबाप कोणाच्या तरी सांगण्यावरून त्या शोधू लागतात. दुसऱ्या बाजूला याच वनस्पतीच्या पायी तरुण मुले तुरुंगात जात आहेत. जो विषय घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोहोचला आहे, त्याच्याविषयी मौन पाळणे शाळेला शोभणारे नाही. मी या वनस्पतीची बाजू घेण्यासाठी अथवा तिला शाप देण्यासाठी उभा नाही. तिच्याविषयीचे ज्ञान कसे वाढत गेले, कोठे अडले आणि का अडले, एवढेच इतिहासाच्या आधारे मांडण्याचा माझा मानस आहे.

नावांचा घोळ

आरंभ आपल्याच शेतापासून करू. निर्मल हे २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचे गाव होते. आता ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून मुंबई राज्यात गेले, तर मुधोळ तालुका नांदेडकडून इकडे आला. त्यामुळे या भागात एकाच झाडाला मराठी, तेलुगू आणि उर्दू अशी तीन-तीन नावे असणे आपल्याला नवे नाही. आपल्या बांधावरची अंबाडी पाहा. तिची भाजी आपण खातो, तिच्या वाखाचे दोर वळतो. इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत या अंबाडीला ‘डेक्कन हेंप’ किंवा ‘बॉम्बे हेंप’ म्हटलेले आढळते. ज्या तागाचा वाख काढतात त्याला ‘सन हेंप’ म्हणत. घायपाताच्या जातीचे ‘सिसाल हेंप’ आणि केळीच्या कुळातील ‘मनिला हेंप’ अशीही नावे रूढ होती.

याचे कारण असे की युरोपात दोर आणि शिडाचे कापड करण्याची मुख्य वनस्पती ‘हेंप’ ही होती, म्हणून वाख देणाऱ्या प्रत्येक झाडाला व्यापाऱ्यांनी तेच नाव दिले. अंबाडीचे पान हाताच्या बोटांसारखे विभागलेले असते, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातही ‘भांगेसारखी’ या अर्थाचा शब्द येऊन बसला आहे. परंतु अंबाडी ही जास्वंदीच्या कुळातली आणि ताग हा शेंगा धरणाऱ्या कुळातला. या दोहोंत मादक द्रव्याचा लवलेशही नाही. खरे ‘हेंप’ म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, म्हणजेच आपली भांग.

आता खरी गंमत पुढेच आहे. युरोपातील वाखाचे हेंप आणि आपल्याकडचा गांजा ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकच जात. थंड प्रदेशात दाट पेरून उंच वाढविलेल्या त्या झाडाचा वाख उत्तम निघे, पण त्याने नशा जवळजवळ येत नसे. आपल्याकडच्या झाडाचा वाख सामान्य, पण राळ जहाल. एकाच जातीच्या झाडांत एवढा फरक कसा, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे दीडशे वर्षे लागली.

वनस्पती आणि तिची राळ

भांगेची नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मादीच्या फुलोऱ्यावर टाचणीच्या डोक्यासारख्या अतिसूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांतून चिकट राळ पाझरते. या राळेतच ती द्रव्ये असतात, ज्यांना आज ‘कॅनाबिनॉइड’ असे समूहवाचक नाव आहे. पानांत राळ थोडी, फुलोऱ्यात पुष्कळ, आणि बियांत नाहीच म्हटले तरी चालेल. यावरून आपल्या जुन्या तीन शब्दांचा अर्थ स्पष्ट होतो. पाने म्हणजे भांग, राळेने भरलेला मादीचा फुलोरा म्हणजे गांजा, आणि नुसती काढून घेतलेली राळ म्हणजे चरस. हे तीन शब्द केवळ तीन पदार्थांची नावे नाहीत. त्या जोराच्या तीन पायऱ्या आहेत. मोजण्याचे साधन हाती नसताना लोकांनी भाषेतच एक ढोबळ मापपट्टी तयार करून ठेवली होती.

वैद्यकाच्या परंपरेत या वनस्पतीला ‘विजया’ हे नाव आहे. शार्ङ्गधरसंहितेत भांग आणि अफू ही ‘व्यवायी’ द्रव्यांची उदाहरणे म्हणून दिली आहेत. व्यवायी म्हणजे जे द्रव्य पचनापूर्वीच सर्व शरीरभर पसरते आणि मग पचते ते. पचनाच्या तक्रारींवरील जातीफलादि चूर्णात भांग असते. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भांग दुधात उकळण्याची अथवा तुपात परतण्याची आपल्याकडे रीत आहे. महाशिवरात्रीची ठंडाई पुष्कळांनी पाहिली असेल. या रीतीत दोन रासायनिक सत्ये दडलेली आहेत. हिरव्या पानातील मूळ द्रव्य आम्लरूप असते आणि त्याने नशा येत नाही. उष्णता लागली म्हणजे त्या आम्लातून कर्बवायू निघून जातो आणि मादक द्रव्य तयार होते. शिवाय ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, पण स्निग्ध पदार्थांत विरघळतात. कारण माहीत नसता कृती बरोबर सापडली होती. मात्र त्या कृतीने किती द्रव्य पोटात गेले, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

कलकत्त्यातील प्रयोग

आधुनिक पद्धतीने या वनस्पतीचा अभ्यास प्रथम केला तो विल्यम ब्रूक ओ’शॉनेसी या आयरिश डॉक्टराने. पुढे १८५०च्या दशकात भारतात तारायंत्राचे जाळे उभारणारा तो हाच. त्यापूर्वी तो कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याने जुने संस्कृत व फारसी उल्लेख तज्ज्ञांकडून समजून घेतले, प्रथम प्राण्यांवर आणि मग रुग्णांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग केले आणि १८३९ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. संधिवात, पटकी, धनुर्वात अशा रोगांत त्याने हा अर्क वापरून पाहिला. धनुर्वाताच्या व आचक्यांच्या रुग्णांत त्याला विशेष गुण दिसला. त्यांपैकी एक रुग्ण म्हणजे आचके येणारे सुमारे चाळीस दिवसांचे बालक. अर्काने आचके थांबले, पुन्हा सुरू झाले, मात्रा पुष्कळ वाढवावी लागली, आणि शेवटी ते बालक वाचले. या बालकाची आठवण कृपया मनात ठेवावी. पुढे आपल्याला पुन्हा तिकडे यावयाचे आहे.

ओ’शॉनेसीच्या निबंधानंतर ‘इंडियन हेंप’चा अर्क इंग्लंड-अमेरिकेतील औषधांच्या दुकानांत पोहोचला. परंतु डॉक्टरांना लवकरच एक अडचण जाणवू लागली. एका बाटलीच्या दहा थेंबांनी काहीच होत नसे आणि दुसऱ्या बाटलीच्या तेवढ्याच थेंबांनी रोगी भ्रमिष्टासारखा बोलू लागे. राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांपैकी एक, सर जॉन रसेल रेनॉल्ड्स, यांनी १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात तीस वर्षांचा अनुभव लिहिला. औषध उपयुक्त आहे, पण त्याचा जोर बेभरवशाचा असल्याने अगदी अल्प मात्रेने आरंभ करून ती हळूहळू वाढवावी, असा त्याचा आशय होता.

याच काळात अफूची कहाणी मात्र वेगळ्या दिशेने गेली. अफूतून मॉर्फिन हे शुद्ध द्रव्य एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे झाले होते. ते तोलता येई, पाण्यात विरघळे आणि पिचकारीच्या सुईने टोचता येई. भांगेच्या राळेतून तसे शुद्ध द्रव्य निघेना. ती पाण्यात विरघळत नसल्याने टोचताही येईना. पुढे ॲस्पिरिनसारखी मोजून देता येणारी औषधे आली आणि भांगेचा अर्क मागे पडला. १९३२ मध्ये ब्रिटनच्या आणि १९४२ मध्ये अमेरिकेच्या अधिकृत औषधसंहितेतून तो वगळण्यात आला. कायद्याची बंधने त्यात साहाय्यभूत झाली, हे खरे. परंतु माझ्या मते मूळ कारण हेच की जे मोजता आले नाही, त्यावर वैद्यकाला विश्वास ठेवता आला नाही.

१८९३ चा आयोग

मोजमापाचा प्रश्न केवळ डॉक्टरांपुढे नव्हता. तो राज्यकर्त्यांपुढेही होता. गांजामुळे भारतातील वेड्यांची इस्पितळे भरत आहेत, असा समज इंग्लंडात पसरला होता. मार्च १८९३ मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतील विल्यम केन या सभासदाने पार्लमेंटात हा प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये भारत सरकारने ‘इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन’ नेमले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग होते. सभासदांत राजा शशिशेखरेश्वर रॉय, कंवर हरनामसिंग आणि लाला निहालचंद हे तीन भारतीय होते. सी. जे. एच. वॉर्डन हे रसायनतज्ज्ञ सभासद. मुंबईच्या विल्यम डायमॉक यांच्यासह भारतीय औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ सिद्ध करणाऱ्यांपैकी ते एक होते.

या आयोगाने १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले आणि १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल सादर केला. त्याच्या सातव्या खंडात मुंबई इलाख्याबरोबर वऱ्हाडचीही साक्ष आहे; म्हणजे आपल्या पैनगंगेच्या पलीकडच्या मुलुखाचे बोलणे त्यात आले आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई, मध्य प्रांतात निमाडात खंडव्याच्या बाजूला, आणि बंगालमध्ये नौगाव येथे. शेतात हिंडून नर झाडे ओळखून उपटणारे जाणकार असत. नर राहिला तर मादीला बी धरते आणि राळ कमी होते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

अहवालातील सर्वांत मोलाचा भाग मला वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा वाटतो. १८९२ या एका वर्षात तेथे दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून भांग-गांजाची नोंद होती. आयोगाने या एकेका रुग्णाची चौकशी केली. तेव्हा असे दिसून आले की रुग्णाला पाठविताना पोलीस एक तक्ता भरीत. त्यात ‘कारण’ असा रकाना असे आणि काहीतरी लिहिणे भाग असल्याने पुष्कळदा ‘गांजा’ असे लिहून मोकळे होत. इस्पितळात तीच नोंद उतरून घेतली जाई. तपासाअंती २२२ पैकी केवळ ९८ प्रकरणे टिकली, आणि त्यांतीलही ३७ जणांच्या बाबतीत इतर कारणे मिसळलेली होती. ज्या आकड्यांच्या आधारे पार्लमेंटात चर्चा झाली, ते आकडे एका रकान्यातून जन्माला आले होते.

आयोगाचा निष्कर्ष असा की माफक सेवनाने सर्वसाधारणपणे विशेष अपाय दिसत नाही, अतिसेवन मात्र शरीराला व मनाला घातक ठरते, आणि ज्याच्या प्रकृतीत दुर्बलता आहे त्याला ते वेडाकडे नेऊ शकते. सरसकट बंदी न घालता परवाने, कर आणि नियंत्रण यांनी सेवन आटोक्यात ठेवावे, अशी शिफारस त्याने केली. सरकारला अबकारी उत्पन्नाचा लोभ नव्हता असे कोणी म्हणणार नाही; निष्कर्ष वाचताना तेही ध्यानात ठेवले पाहिजे. शिवाय ‘माफक’ म्हणजे किती, हा प्रश्न आयोगालाही सोडविता आला नाही. कारण कोणत्या गांजात कोणते द्रव्य किती आहे, हे सांगणारे रसायनशास्त्र तेव्हा अस्तित्वातच नव्हते.

द्रव्यांचा शोध

अहवालानंतर दोनच वर्षांनी, १८९६ मध्ये, केंब्रिज येथे वुड, स्पायव्ही आणि ईस्टरफील्ड यांनी भारतीय भांगेच्या चरसापासून एक लालसर तेल वेगळे केले. त्यातून पुढे ‘कॅनाबिनॉल’ हे द्रव्य मिळाले आणि नशेचे मूळ सापडले असे वाटले. पुढे लक्षात आले की कॅनाबिनॉल हे मूळ मादक द्रव्य नसून त्याचा अवशेष आहे. चरस किंवा गांजा जुना झाला, हवा आणि उजेड लागला, की मादक द्रव्य हळूहळू कॅनाबिनॉलमध्ये बदलते. जुना माल फिका पडतो हा व्यापाऱ्यांचा अनुभव अखेर रासायनिक भाषेत उतरला, पण मूळ द्रव्य हातून निसटलेलेच राहिले.

१९४० मध्ये अमेरिकेत रॉजर ॲडम्स यांनी रानटी हेंपमधून ‘कॅनाबिडिऑल’ वेगळे केले. यालाच आज सीबीडी म्हणतात. इंग्लंडात अलेक्झांडर टॉड हेही याच प्रश्नावर काम करीत होते. मग युद्ध आले. पुढे राफाएल मेखुलाम या तरुण इस्रायली रसायनतज्ज्ञाने पोलिसांनी पकडलेला पाच किलो चरस मागून घेतला आणि तो बसमधून प्रयोगशाळेत नेला. त्यातून १९६३ मध्ये त्यांनी सीबीडीची रचना निश्चित केली आणि १९६४ मध्ये येहिएल गाओनी यांच्यासह मूळ मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळविले. ते द्रव्य म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी.

आता एक आश्चर्य पाहा. टीएचसी आणि सीबीडी या दोहोंचे रासायनिक सूत्र एकच आहे. कर्बाचे २१, हायड्रोजनचे ३० आणि ऑक्सिजनचे २ अणू. फरक फक्त जोडणीत आहे. ‘रस’ आणि ‘सर’ या शब्दांत अक्षरे तीच, पण अर्थ निराळा, तसेच हे. झाडात ही दोन्ही द्रव्ये एकाच मातृद्रव्यापासून बनतात. एक विकर त्याचे रूपांतर टीएचसीच्या आम्लात करते, दुसरे विकर सीबीडीच्या आम्लात. ज्या झाडात पहिले विकर प्रबळ, तो गांजा. ज्यात दुसरे प्रबळ, ते हेंप. मघाशी आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच. आज अनेक देशांत हेंप आणि गांजा यांच्यातील सीमारेषा टीएचसीच्या ०.३ टक्के या प्रमाणावर आखली जाते. ही रेषा निसर्गाने आखलेली नाही, माणसाने सोयीसाठी आखली आहे. परंतु तिला निदान मोजमापाचा आधार आहे. या वनस्पतीत शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड सापडले आहेत. त्यांपैकी नीट अभ्यासलेली मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

शरीरावरील परिणाम

झाडातील द्रव्य माणसाच्या मेंदूवर कसे काम करते, याचे उत्तर १९८८ मध्ये मिळू लागले. ॲलिन हाऊलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी दाखविले की मेंदूतील पेशींवर टीएचसी बसण्याची खास जागा असते. कुलुपात किल्ली बसावी तसे ते द्रव्य तेथे बसते. मग प्रश्न आला की मानवी मेंदूने परक्या झाडासाठी कुलूप कशाला ठेवावे? १९९२ मध्ये शरीराची स्वतःची किल्ली सापडली. मेखुलाम यांच्या प्रयोगशाळेत डिव्हेन आणि लुमीर हनुश यांनी डुकराच्या मेंदूतून ती वेगळी केली आणि संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून तिला ‘आनंदमाइड’ असे नाव दिले. भूक, वेदना, स्मृती, झोप, भीती यांचा तोल राखण्याच्या कामी शरीर ही व्यवस्था वापरते.

यावरून टीएचसीचे परिणाम समजतात. स्मृतीच्या केंद्रात ही कुलुपे पुष्कळ, म्हणून नुकतेच घडलेले आठवत नाही. हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या भागात पुष्कळ, म्हणून वाहन चालविणे धोक्याचे. वेळ लांबल्यासारखा वाटतो, भूक लागते, डोळे लाल होतात, छातीत धडधडते. कोणाला हसू येते, तर कोणाला विलक्षण भीती वाटते. धुरावाटे घेतल्यास परिणाम काही मिनिटांत दिसतो. पोटात घेतल्यास अर्धा ते दोन तास लागतात. शिवाय यकृतात त्याचे रूपांतर आणखी एका मादक द्रव्यात होते. काही झाले नाही असे समजून माणूस दुसरा पेला घेतो आणि मग दोन्ही पेले एकदम चढतात. भांग प्यायलेल्यांच्या पुष्कळ दुर्दशा या एका अज्ञानातून होतात.

तरुणांच्या बाबतीत अधिक गंभीर गोष्ट अशी की मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. स्वीडनमध्ये लष्करात दाखल झालेल्या सुमारे ४५,००० तरुणांचा पाठपुरावा करून १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी पन्नासहून अधिक वेळा गांजाचे सेवन केले होते, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सेवन न केलेल्यांच्या सुमारे सहापट आढळले. यात गांजा किती जबाबदार आणि मूळ प्रकृती किती, यावर मतभेद आहेत; पण संबंध पुढील अभ्यासांतही दिसत राहिला. प्रकृतीच्या दुर्बलतेविषयी १८९४ चा आयोग जे म्हणाला होता, त्याला हे धरूनच आहे.

सीबीडीचे तसे नाही. ते त्या कुलुपात नीट बसत नाही, म्हणून त्याने नशा येत नाही. येथे आपण त्या कलकत्त्याच्या बालकाकडे परत येऊ. १९८० मध्ये ब्राझीलमधील डॉक्टरांनी मेखुलाम यांच्यासह फेफऱ्याच्या आठ रुग्णांना शुद्ध सीबीडी देऊन पाहिले. चौघांचे झटके जवळजवळ थांबले, तिघांना काही गुण आला. एवढ्या स्पष्ट निर्देशानंतरही मोठी चाचणी व्हायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. २०१७ मध्ये ड्रॅव्हे नावाच्या बालकांच्या दुर्धर फेफऱ्यावरील चाचणी प्रसिद्ध झाली. १२० मुलांपैकी ज्यांना सीबीडी दिले, त्यांच्या महिन्यातील झटक्यांचा मध्यक १२.४ वरून ५.९ वर आला. ज्यांना नुसते तेल दिले, त्यांचा १४.९ वरून १४.१ वरच राहिला. जून २०१८ मध्ये ‘एपिडिओलेक्स’ या नावाने हे औषध अमेरिकेत संमत झाले. ओ’शॉनेसीने १८३९ मध्ये अंधारात जो दोर पकडला होता, त्याचे दुसरे टोक १७९ वर्षांनी हाती आले.

परंतु येथेच सावध राहावयाचे आहे. त्या चाचणीत मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे रोज २० मिलिग्रॅम सीबीडी दिले होते. म्हणजे २० किलो वजनाच्या मुलाला रोज ४०० मिलिग्रॅम. समजा, कोणी आपल्याला एक बाटली आणून दिली आणि तिच्यावर एकूण ३०० मिलिग्रॅम असे छापलेले आहे. तर ती अख्खी बाटली त्या मुलाच्या एका दिवसालाही पुरणार नाही. शिवाय या मात्रेत झोप येणे, जुलाब होणे, यकृतावर ताण पडणे असे परिणाम दिसले. क्लोबाझाम आणि व्हॅलप्रोएट या फेफऱ्यावरील नेहमीच्या औषधांशीही त्याचा संबंध येतो. म्हणून चालू औषध बंद करून बाटलीच्या भरवशावर मुलाला ठेवणे हे मुलाच्या जिवाशी खेळणे होय.

बाटलीवरचे लिहिलेलेही खरे असतेच असे नाही. अमेरिकेत दुकानाबाहेर, संगणकाद्वारे विकली जाणारी सीबीडीची ८४ उत्पादने विकत घेऊन तपासण्यात आली. तो अहवाल २०१७ मध्ये निघाला. त्यांपैकी केवळ २६ उत्पादनांवरील लेबल बरोबर होते आणि १८ उत्पादनांत टीएचसीही सापडले. हेंपच्या बियांचे तेल हे तर आणखी वेगळे. ते खाद्यतेल आहे, त्यात सीबीडी जवळजवळ नसते. तरीही नावाच्या सारखेपणामुळे ते औषध म्हणून खपविले जाते. आणखी एक प्रकार असा की हेंपमधील सीबीडीवर आम्लाची क्रिया करून त्यापासून मादक द्रव्य बनविले जाते. २०१८ च्या अमेरिकी कायद्याने हेंप मोकळे झाल्यावर असा माल तेथे उघड विकला जाऊ लागला, आणि २०२५ मध्ये त्या देशाला या पळवाटेला आळा घालणारी तरतूद करावी लागली. झाडावर ‘हेंप’ असे लिहिले म्हणजे त्यातून निघालेले प्रत्येक द्रव्य निरुपद्रवी ठरत नाही, हा त्यातील धडा.

आपला कायदा

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने भांगेच्या फुलोऱ्यावर आणि राळेवर कडक बंधने घातली, पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली. भारताचा १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्यांविषयीचा कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणून ओळखतो, त्याच धर्तीवर आहे. त्यात गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. बी आणि फुलोऱ्याविना असलेली पाने त्यातून वगळली आहेत. पानांच्या भांगेविषयी त्या त्या राज्याचा अबकारी कायदा लागू होतो आणि तो राज्याराज्यांत भिन्न आहे. पैनगंगा ओलांडली की नियम बदलू शकतो, हे सीमेवरच्या लोकांनी विसरू नये. गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. २० किलोच्या वर सापडल्यास किमान दहा वर्षे. कापसाच्या किंवा तुरीच्या ओळींत चार झाडे लावली तर कोण पाहतो, असे सांगणारा दलाल ही शिक्षा भोगावयास येत नाही. ती शेतकरी भोगतो.

त्याच कायद्यात वाख आणि बी यांसाठी लागवडीची परवानगी देण्याची सोय आहे. २०१८ मध्ये उत्तराखंडाने तसे परवाने देण्यास आरंभ केला. २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हेंपचे बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. पानांपासून केलेली ‘विजया’ची औषधे आयुर्वेदिक परवान्याखाली बनतात; नियमांत भांगेची गणना वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाच्या द्रव्यांत केलेली आहे. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने या वनस्पतीला सर्वांत कडक यादीतून काढले, तेव्हा भारताने त्या बाजूने मत दिले. याचा अर्थ वैद्यकीय उपयोग मान्य झाला एवढाच. सेवनाला मुभा मिळाली असा नव्हे.

समारोप

मित्रहो, या दीडशे-पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासातून मला एकच गोष्ट आपल्यापुढे ठेवावयाची आहे. या वनस्पतीविषयी ज्या ज्या चुका झाल्या, त्या नावावर विसंबल्याने झाल्या; आणि जी प्रगती झाली, ती मोजल्याने झाली. पोलिसाने रकान्यात ‘गांजा’ लिहिले आणि शेकडो वेड्यांचे निदान ठरून गेले. दुकानदाराने बाटलीवर ‘हेंप’ लिहिले आणि ती औषध ठरली. दोन्हीकडे दोष तोच. उलट, ज्यांनी एकेका रुग्णाची चौकशी केली, एकेक द्रव्य वेगळे करून तोलले, झटके मोजले, त्यांच्यामुळेच आज काही मुलांची फेफरी आटोक्यात आली आहेत.

म्हणून हा विषय आपल्या घरात येईल तेव्हा भीतीने दार लावू नये आणि कौतुकाने पायघड्याही घालू नयेत. तीन प्रश्न विचारावेत. यात नेमके कोणते द्रव्य आहे? ते किती आहे? आणि ते कोणी मोजले? या तीन प्रश्नांची उत्तरे जो डॉक्टर देईल त्याच्याकडे जावे. जो विक्रेता देऊ शकणार नाही त्याच्यापासून दूर राहावे. आणि विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन की तुमच्या मेंदूची वाढ अजून चालू आहे. त्याच्या कुलुपांत परक्या किल्ल्या फिरविण्याचे हे वय नव्हे.

शब्दाआधी वस्तू पाहावी आणि मत देण्याआधी मोजावे, हा संस्कार शाळाच देऊ शकते. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो, त्यांना अभिवादन करण्याचा याहून उचित मार्ग मला दिसत नाही.